धुऱ्यावरचा शेजारी : मुंगूस

(वन्यजीव सप्ताहानिमित्त मोहाडी येथे तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी १ ते ७ ऑक्टोबर हा आठवडा आपण वन्यजीव सप्ताह म्हणून पाळतो. या सप्ताहात भाषण करणाऱ्याने वाघाविषयी बोलावे असा जणू संकेतच पडून गेला आहे. आपल्या जिल्ह्यात तर तो संकेत मोडणे अधिकच कठीण. वैनगंगेच्या पलीकडे करडीच्या अंगाला कोका अभयारण्य आहे, पुढे नागझिरा आहे, आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची घोषणा झाल्यापासून बाहेरगावचा पाहुणा भंडाऱ्याला आला की पहिला प्रश्न वाघाचाच विचारतो. वाघाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु येथे बसलेल्यांपैकी किती जणांनी वाघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे? हात थोडेच वर येतील. आणि मुंगूस किती जणांनी पाहिले आहे, असे विचारले तर हात वर करावयाचा कोणी राहणारच नाही.

आज सकाळी भंडाऱ्याहून वरठीमार्गे येताना एका मुंगसाने आमच्या गाडीपुढून रस्ता ओलांडला. पलीकडच्या धुऱ्यावर चढल्यावर ते क्षणभर थांबले, मान वळवून त्याने आमच्याकडे पाहिले आणि तुरीच्या रोपांत नाहीसे झाले. चालक म्हणाले, "साहेब, काम होते आज." मुंगसाचे दर्शन शुभ मानण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. लहान मुले तर त्याने तोंड दाखवावे म्हणून त्याला रामाची शपथ घालतात. आणि ते खरोखरच मागे वळून पाहते, म्हणून मुलांचा त्या शपथेवर विश्वास बसतो. वास्तविक झुडपात शिरण्यापूर्वी थांबून, प्रसंगी मागच्या पायांवर उभे राहून, आजूबाजूचा अंदाज घेणे ही त्या प्राण्याची सवयच आहे. रामाच्या शपथेची प्रतिष्ठा त्यामुळे कमी होते असे मला वाटत नाही.

मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. माझे शिक्षण कला शाखेचे आणि व्यवसाय माहिती पोहोचविण्याचा. म्हणून प्रथम माझ्या प्रांतातील एक गोष्ट सांगतो. इंग्रजीत या प्राण्याला 'मंगूस' म्हणतात. तो शब्द इंग्रजांनी आपल्या मराठीतून उचलला आहे. इंग्रजी शब्दकोश त्या शब्दाची व्युत्पत्ती देताना मराठी 'मुंगूस' असेच मूळ दाखवतात. मराठीच्या मागे जावयाचे तर तेलुगू-कानडीकडे बोट दाखवतात. इंग्रजीने मराठीकडून घेतलेले शब्द फार नाहीत. त्यांपैकी हा एक आपल्या धुऱ्यावर राहणाऱ्या प्राण्याचा आहे.

कथांतील नकुल

संस्कृतात मुंगसाला नकुल म्हणतात. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस येते आणि युधिष्ठिराच्या एवढ्या मोठ्या यज्ञाला उणे म्हणून दाखवते. कुरुक्षेत्रातील एका दरिद्री ब्राह्मण कुटुंबाने स्वतः उपाशी राहून अतिथीला सातूचे पीठ दिले. त्या पिठाच्या कणांत लोळल्यामुळे मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले, आणि उरलेले अर्धे या यज्ञमंडपात लोळूनही तसेच राहिले. ते ब्राह्मण कुटुंब उंछवृत्तीने राहत होते. शेतात सांडलेले दाणे वेचून पोट भरणे म्हणजे उंछवृत्ती. आपण त्याला सरवा वेचणे म्हणतो. कापणीनंतर बांध्यांतून सरवा वेचणारी माणसे आणि त्याच बांध्यांतून फिरणारे मुंगूस हे दृश्य आपल्याला पाहावयास कुरुक्षेत्री जाण्याची आवश्यकता नाही.

दुसरी कथा पंचतंत्रातील. ती शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. पाळण्यातल्या बाळाला वाचविण्यासाठी मुंगसाने साप मारला, आणि त्याच्या तोंडाचे रक्त पाहून आईने पाण्याची घागर त्याच्यावर घातली. ही कथा आपण मुलांना शिकवतो ती अविचाराचे उदाहरण म्हणून. माझे म्हणणे असे की, मुंगसाच्या बाबतीत तो अविचार अजून थांबलेला नाही. फक्त आता घागरीऐवजी दुसऱ्या वस्तू आपल्या हाती आहेत. त्यांच्याकडे मी पुढे वळणार आहे.

जाता जाता एवढेच सांगतो की, किपलिंगच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक' या पुस्तकात रिक्की-टिक्की-टावी नावाच्या मुंगसाची गोष्ट आहे, आणि त्याच पुस्तकातील मोगली ज्या नदीकाठी वाढतो ती वैनगंगा. शिवनीच्या डोंगरांतून निघून आपल्या तालुक्यात येते तीच ही नदी.

बिळातील संसार

आपल्या शेतशिवारात दिसते ते करड्या रंगाचे मुंगूस. दाट अरण्यात, नागझिऱ्याकडे, दुसरी एक जात आढळते. तिचा रंग तांबूस असून शेपटीचे टोक काळे असते आणि ती शेपटी चालताना वर उचललेली दिसते. आपला विषय पहिल्या जातीचा.

नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजले तर हा प्राणी तीन फुटांच्या आतबाहेर भरतो, आणि त्यातली जवळजवळ निम्मी लांबी शेपटीची असते. वजन किलो-दीड किलो. एवढ्याशा देहाचा हा शिकारी मोठा का दिसतो, याचे उत्तर त्याच्या केसांत आहे. प्रत्येक केस राठ व लांब असून त्यावर आळीपाळीने पांढुरके आणि गडद तपकिरी पट्टे असतात. त्या पट्ट्यांमुळेच तो दुरून राखेसारखा करडा भासतो व वाळलेल्या गवतात दिसेनासा होतो. रागावल्यावर तो हे केस फुलवतो, तेव्हा त्याचा आकार दुप्पट झाल्यासारखा वाटतो. या केसांची आठवण ठेवावी. त्याच्या जिवाचे रक्षण करणारी आणि त्याच्या जिवावर उठलेली वस्तू एकच आहे.

त्याच्या डोळ्यातील बाहुली मांजरासारखी उभी नसून आडवी असते. कान लहान व डोक्याला चिकटलेले, त्यामुळे बिळात शिरताना अडथळा होत नाही. पुढच्या पायांची नखे लांब असतात आणि ती मांजराच्या नखांप्रमाणे आत ओढली जात नाहीत. ती उकरण्यासाठी आहेत. धुऱ्याच्या पोटात, वारुळाच्या शेजारी, दगडांच्या राशीखाली किंवा झुडपांच्या मुळांशी तो आपले बीळ करतो. शेपटीखालील ग्रंथींच्या गंधाने तो आपला टापू आखून ठेवतो. बहुधा एकटाच हिंडतो. दोन-तीन एकत्र दिसली तर ती जोडी किंवा पिलांसह असलेली मादी समजावी. विणीचा असा एक ठराविक हंगाम नाही. गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा, आणि एका वेळी दोन ते चार पिले होतात. ही पिले आईच्या मागे ओळीने धुऱ्यावरून जाताना ज्याने पाहिली असतील त्याला त्या दृश्याचे वर्णन मी करावयास नको.

मुंगूस मुख्यतः दिवसा हिंडणारे आहे. हा मुद्दा साधा वाटला तरी पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. सकाळी ऊन वर येण्यापूर्वी आणि दुपार कलल्यावर त्याची गस्त चालते. नाक जमिनीलगत धरून, प्रत्येक भोक हुंगत, प्रत्येक ढेकूळ उलथीत ते पुढे सरकते. त्याच्या आहारात उंदीर व घुशी आहेत, सरडे, साप, बेडूक, खेकडे, विंचू, टोळ, बीटल आहेत. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी व पिले आहेत. पडलेली फळेसुद्धा आहेत. जे मिळेल ते खाणारा हा प्राणी आहे. तो केवळ सापांवर जगतो ही समजूत गारुड्यांच्या खेळांनी पसरविली. सापांवरच जगावयाचे ठरवले असते तर आपल्या धानपट्ट्यातसुद्धा त्याची उपासमार झाली असती.

आता धानाच्या वर्षाकडे मुंगसाच्या बाजूने पाहू. रोवणीच्या दिवसांत बांध्यांत पाणी असते, तेव्हा उंदरांना राहावयास कोरडी जागा एकच उरते, ती म्हणजे धुरा. मुंगसाची फेरीही त्याच वेळी धुऱ्यावरूनच असते. म्हणजे चोर आणि शिपाई एकाच अरुंद वाटेवर येतात. पुढे धान निसवते, लोंब भरते, आणि ऑक्टोबरात हलके धान पिवळे पडू लागते. या महिन्यात उंदीर लोंब्या कातरून बिळात ओढून नेतात. काही जातींचे उंदीर बिळांत कोठारे करून लोंब्या साठवितात. आपल्याकडे कापणीनंतर अशी बिळे खणून धान काढणारी माणसे आहेत, आणि एका बिळातून किती निघते हे मजपेक्षा त्यांना विचारावे. कापणी झाली की पुंजणे लागतात. पुंजण्याच्या तळाशी उंदरांची वसाहत होते, आणि चुरणी लांबली की ती वाढते. त्या दिवसांत मळणीच्या जागेभोवती मुंगूस दिवसाढवळ्या फिरताना दिसते. माणसांची वर्दळ असतानाही ते फारसे बिचकत नाही. शेवटी तणसाचे ढीग घराशेजारी येतात, त्यांच्यामागून उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागून मुंगूस सांदवाडीत येते.

एक मुंगूस वर्षाला किती उंदीर खाते आणि त्यामुळे किती धान वाचते, याचा आकडा मला विचारला जाईल. आपल्या खात्यात आकड्याशिवाय वाक्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही. परंतु येथे मी आकडा देणार नाही. धुऱ्यावर आठ दिवस सकाळी जाऊन बसावे. तेवढ्यात जे दिसेल ते पुष्कळ आहे. शिक्षकांनी मुलांना हा उपक्रम जरूर द्यावा. कोणते भोक उंदराचे, कोणते मुंगसाचे, कोठे केसांची विष्ठा पडली आहे, याची नोंद चौथीचा मुलगाही उत्तम ठेवतो.

साप, विष आणि काही गैरसमज

साप-मुंगसाचे वैर म्हणजे मराठी भाषेतील वैराचे मापच झाले आहे. मुंगूस नागाला मारते हे खरे. ते कसे मारते हे पाहण्यासारखे असते. ते सरळ तुटून पडत नाही. पुढे झेप घेतल्यासारखे करते, नाग फणा मारतो, मुंगूस तेवढ्यात बाजूला झालेले असते. फणा रिकामा जमिनीवर आपटतो. असे पुन्हा पुन्हा होऊन नाग थकला की, मुंगूस त्याचे डोके जबड्यात धरून कवटीचा चुरा करते. फुलविलेल्या केसांमुळे दातांचा नेम अनेकदा कातडीपर्यंत पोहोचत नाही.

आणि पोहोचलाच तर? नागाच्या विषातील घातक द्रव्य स्नायूंवर जेथे मज्जातंतूंचा निरोप उतरतो त्या जागी जाऊन बसते. निरोप पोहोचत नाही, श्वासाचे स्नायू थांबतात आणि प्राणी मरतो. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी मुंगसाच्या कुळातील प्राण्यावर काम करून १९९२ साली असे दाखविले की, मुंगसाच्या स्नायूंवरील त्या जागेची घडणच किंचित वेगळी आहे, म्हणून विषाला तेथे नीट बसता येत नाही. दुसऱ्या घराची किल्ली आपल्या कुलपात फिरू नये तसा हा प्रकार आहे. तरीही ही सूट मर्यादित आहे. मोठ्या मात्रेत विष गेले तर मुंगूसही दगावते.

याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. साप चावल्यावर मुंगूस रानात जाऊन एक मुळी खाते आणि बरे होते, ही कथा आपल्याकडे सर्वत्र सांगितली जाते. मुंगसाच्या नावाची वेलही दाखविली जाते. मुंगसाचे संरक्षण त्याच्या स्वतःच्या शरीरात आहे. ते कोणत्याही मुळीत नाही, आणि मुळी उगाळून ते माणसाच्या शरीरात येत नाही. रोवणी आणि कापणी या दोन्ही हंगामांत आपल्या भागात सर्पदंश होतात. अशा वेळी मुळी शोधण्यात गेलेला अर्धा तास जिवाची किंमत वसूल करतो. माणसाला आधार एकच, प्रतिसर्पविषाची लस. मुंबईची हाफकिन संस्था ती कित्येक दशके तयार करीत आली आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, दंश झालेला अवयव हलवू नये, कापू नये, आवळून बांधू नये, आणि रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. ग्रामपंचायतीच्या फलकावर एवढे लिहिले तरी पुष्कळ होईल.

दुसरी समजूत अशी की, अंगणात मुंगूस आहे तर घर सापापासून सुरक्षित आहे. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्या वेळी दिवसा हिंडणारे मुंगूस आपल्या बिळात झोपलेले असते. म्हणून मुंगसाचे कौतुक करूनही खाटेवर आणि मच्छरदाणीतच झोपावे.

हीच चूक परदेशांतील शहाण्यांनी मोठ्या प्रमाणावर केली. आपल्या मुंगसाचा एक धाकटा भाऊबंद आहे. कलकत्त्याहून त्याच्या जातीची नऊ जनावरे १८७२ साली जमैका बेटावर नेण्यात आली, उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी. आरंभी मळेवाले संतुष्ट झाले. परंतु वीस वर्षांच्या आत मुंगसांनी तेथील कोंबड्या, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे आणि निरुपद्रवी साप यांचा फडशा पाडावयास सुरुवात केली. तेथून १८८३ मध्ये ती हवाई बेटांवर गेली आणि तेथेही तेच झाले. जपानच्या आमामी ओशिमा बेटावर १९७९ साली सुमारे तीस मुंगसे सोडण्यात आली, ती हाबू नावाच्या विषारी सापाच्या बंदोबस्तासाठी. हाबू रात्री हिंडतो. मुंगूस दिवसा. दोघांची गाठ क्वचितच पडली, आणि मुंगसांनी त्या बेटावरील दुर्मिळ सशांना खाल्ले. त्यांना हटविण्यासाठी जपानला कित्येक वर्षे खपावे लागले; बेट मुंगूसमुक्त झाल्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. आपल्या धुऱ्यावर मुंगसाला घार, कोल्हा, कुत्रा यांची धास्ती आहे, आणि येथले उंदीर-साप त्याला हजारो वर्षांपासून ओळखतात. त्या बेटांवर ही परिस्थिती नव्हती.

एका बिलावरची सही

आता घागरीकडे वळतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात होतो. वन्यजीव सप्ताहासाठी फलक रंगवावयाचे होते. आमचे चित्रकार हाताचे मोठे कसबी. अक्षरांची कड बारीक यावी म्हणून त्यांनी चांगले ब्रश मागितले. ब्रश आले, फलक झाले, सर्वांनी वाहवा केली. एका फलकावर वाघ होता, एकावर सारस, आणि एकावर कोपऱ्यात मुंगूसही होते. बिल माझ्याकडे आले. त्यात एक ओळ होती : 'ब्रश, मुंगूस, नग १२.' मी ती वाचली आणि सही केली. तो एखाद्या कंपनीचा छाप असेल, उंट किंवा हत्ती असतो तसा, असे मी धरून चाललो. विचारावे असे मला वाटले नाही.

२०१९ साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोने 'क्लीन आर्ट' या नावाने अनेक राज्यांत एकाच वेळी धाडी घातल्या. मुंगसाच्या केसांचे ब्रश आणि कच्चे केस मोठ्या प्रमाणावर जप्त झाले. ती बातमी वाचताना मला त्या बिलाची ओळ आठवली. छाप नव्हता तो. तो माल होता.

हा व्यापार असा चालतो. फासे लावून मुंगूस पकडतात, मारतात, केस उपटतात. एका जनावरापासून मिळणारे केस काही ग्रॅमच असतात. किलोभर केसांसाठी सुमारे पन्नास मुंगसे मारावी लागतात. फासे लावणारा मनुष्य बहुधा अत्यंत गरीब असतो आणि त्याच्या पदरात फारच थोडे पडते. केस दलालांमार्फत ब्रश बनविणाऱ्या गावांकडे जातात. उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यातले शेरकोट हे अशा उद्योगाचे मोठे केंद्र. तेथे नायलॉनचे कायदेशीर ब्रशही भरपूर तयार होतात आणि मुंगसाच्या केसांसाठी धाडीही पडल्या आहेत. तेथून ब्रश शहरांत, आणि शहरांतून तालुक्याच्या दुकानात. चित्रकाराला हा ब्रश का हवा असतो? केस लवचीक असतो, टोक धरून ठेवतो आणि रंग पुष्कळ शोषतो. ज्या गुणांनी तो केस नागाच्या दातापुढे उपयोगी पडला, त्याच गुणांनी तो रंगाच्या डबीत गेला.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली मुंगूस संरक्षित आहे. त्याची शिकार, त्याचे केस बाळगणे, त्यापासून केलेल्या वस्तूंची खरेदी-विक्री हा गुन्हा असून त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सायटेस कराराच्या तिसऱ्या परिशिष्टातही भारताने या प्राण्याचे नाव घातले आहे. मला ठाऊक नव्हते, ही सबब कायद्यात चालत नाही. माझीही चालली नसती.

येथे शिक्षक मोठ्या संख्येने आहेत, म्हणून जरा तपशिलात सांगतो. शाळेच्या कपाटातील ब्रश काढून उजेडात पाहावा. नायलॉनचा केस मुळापासून टोकापर्यंत एकाच रंगाचा असतो. मुंगसाच्या केसावर पांढुरके आणि तपकिरी पट्टे दिसतात. शंका असल्यास एक केस चिमट्यात धरून काडीने जाळावा. नायलॉन वितळून त्याची गोळी होते; प्राण्याच्या केसाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख होते. डुकराच्या केसांचा ब्रशही असाच जळतो, म्हणून पट्टे पाहणे सोडू नये. असा ब्रश सापडला तर तो फेकू नये, कोणाला देऊ नये. वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे. वन विभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक यासाठीच आहे. आणि पुढील खरेदीच्या मागणीपत्रात 'कृत्रिम केसांचे ब्रश' हे तीन शब्द लिहावेत. माझ्याकडच्या बारा ब्रशांपैकी दोन मला जुन्या कपाटात सापडले. ते मी वनाधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. त्याची पोच मिळाली. तीवर घेणाऱ्याची सही होती आणि देणाऱ्याची म्हणून माझी.

दुसरी घागर आहे विषाची. ब्रोमाडायोलोनसारखे औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस मंदपणे हिंडत राहतो, आणि असा मंद उंदीर मुंगसाला सर्वांत आधी सापडतो. औषध उंदराच्या यकृतात साठलेले असते. ते मुंगसाच्या पोटात जाते, घुबडाच्या जाते, गावातल्या मांजराच्याही जाते. विष कधीच वापरू नये असे मी म्हणणार नाही. ज्याचे पुंजणे उंदीर खात आहेत त्याला असे सांगणे सोपे नाही. परंतु कृषी विभागाच्या सल्ल्याप्रमाणे मात्रा ठेवावी, आमिष बिळाच्या आत टाकून तोंड बुजवावे, मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. धुऱ्यांची रुंदी बेताची ठेवली तर उंदरांना घर करावयास जागाच कमी मिळते. आणि जेथे मुंगसाचे बीळ आहे त्या धुऱ्यावर आमिष टाकू नये. ते बीळ कोठे आहे हे शेतमालकाला नेहमी ठाऊक असते.

शेवटी एका तक्रारीचा उल्लेख केला पाहिजे. याच विषयावर मागे एका गावी बोललो, तेव्हा मागच्या रांगेतून एक वयस्क पंचबाई उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, कौतुक खूप आयकलं. माझ्या कोंबडीची पाच पिलं नेली त्यानं, त्याचं काय?" सभेत हशा पिकला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. गावठी कोंबड्या हे आपल्या कितीतरी घरांतील बाईच्या हातचे स्वतःचे उत्पन्न आहे, आणि मुंगूस पिले नेते हे खरे आहे. मी त्यांना सांगितले की ते दिवसा येते, म्हणून पिले लहान असतील तोवर मोकळी सोडताना कोणी जवळ असावे किंवा ती टोपलीखाली असावीत; खुराड्याचा तळ पक्का असावा, कारण त्याला उकरता येते.

"ते तर मी करतोच," बाई म्हणाल्या. "अन् मारू पण देत नाही कोणाले. तणसात उंदीर किती असते, मले मालूम आहे. भरपाई भेटते का, तेवढं सांगा."

वाघ-बिबट्याने गुरे मारली तर शासन भरपाई देते. मुंगसाने नेलेल्या कोंबडीच्या पिलांसाठी तशी तरतूद नाही, हे मला त्यांना सांगावे लागले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि खुराड्याला लावावयाच्या जाळीचे माप विचारले. एका इंचाहून मोठे भोक नको, असे मी सांगितले.